रूळ आणि चाकोरी : शिर्डीच्या वाटेची कहाणी

शिर्डी गावात आगगाडी आली ती २००९ साली. पुणतांबे स्टेशनापासून फुटलेला सुमारे सतरा किलोमीटर लांबीचा एक फाटा त्या वर्षी सुरू झाला आणि 'साईनगर शिर्डी' हे नाव रेल्वेच्या वेळापत्रकात छापले गेले. ज्या मुख्य मार्गावरून हा फाटा निघतो तो दौंड-मनमाड लोहमार्ग मात्र १८७८ सालचा आहे. म्हणजे जवळजवळ एकशे तीस वर्षे आगगाडी शिर्डीच्या शिवेजवळून शिट्टी वाजवीत जात होती आणि गाव तिच्यापासून दहा मैलांवर उभे होते. या एकशे तीस वर्षांत लाखो माणसे शिर्डीला पोहोचली ती अर्धी रुळांवरून आणि अर्धी चाकोरीतून. रुळांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. चाकोरीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. राहाता, संगमनेर, श्रीरामपूर, हरेगाव या परिसरात आपल्या समाजाची कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्यांचे जाणे-येणे, शिक्षण, आजारपण आणि पोटापाण्याचा उद्योग हे सारे याच दहा मैलांशी बांधलेले होते. म्हणून या विषयाकडे थोडे सविस्तर पाहावे असे वाटले.

प्रथम तो लोहमार्ग कसा झाला ते पाहू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे दोन फाटे कल्याणपासून निघत. एक थळघाट चढून नाशिक-मनमाडवरून भुसावळकडे जाई, दुसरा बोरघाट चढून पुणे-दौंडवरून सोलापूरकडे जाई. या दोन फाट्यांना घाटमाथ्यावर जोडणारा दुवा म्हणजे दौंड-मनमाड मार्ग. त्याच्या आखणीमागे व्यापार होता, लष्कराची सोय होती. परंतु त्याच्या मातीकामाला हात लागले ते १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात. नगर जिल्ह्यातील भुकेली माणसे, बायका आणि मुले दुष्काळी कामावर येऊन या मार्गाचा भराव टाकीत होती. आज आपण ज्या भरावावरून झोपेत प्रवास करतो तो अशा पोटांनी रचलेला आहे.

त्या दुष्काळाने एक गोष्ट शिकविली, आणि ती आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. आगगाडीने धान्य आणता येते, हे सरकारला ठाऊक होते. मुंबईहून आणि उत्तरेतून वाघिणी भरभरून धान्य दख्खनमध्ये आलेही. परंतु धान्य स्टेशनावर येऊन पडले म्हणजे ते भुकेल्याच्या चुलीपर्यंत पोहोचले असे नव्हे. स्टेशनापासून गावापर्यंत ते न्यायचे कशाने? बैलगाडीने. आणि दुष्काळात आधी मरतो तो बैल. चारा नाही, पाणी नाही, म्हणून गाडी जुंपता येत नाही; गाडी जुंपता येत नाही म्हणून वीस मैलांवरचे धान्य गावाला मिळत नाही. लोखंडी रूळ दुष्काळाला घाबरत नव्हते, पण त्यांना जोडलेली वाट जिवंत जनावरांच्या पायांवर उभी होती आणि ती नेमकी हवी तेव्हाच तुटत होती. दोन प्रकारच्या वाहतुकींची सांगड कशी घालावी, हा प्रश्न आज व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत असतो. त्या काळी दख्खनमध्ये तो जीवनमरणाचा होता.

तसे पाहिले तर आपल्या प्रांतात रेल्वे आली तीच मुळी असा तुटका प्रवास घेऊन. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८५६ पर्यंत रूळ खोपोलीस पोहोचले, १८५८ साली खंडाळा ते पुणे हा तुकडा सुरू झाला. परंतु मधला बोरघाट रुळांनी चढला तो १८६३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत पुण्याचा उतारू खोपोलीस उतरे, पालखीत बसून, तट्टावर स्वार होऊन किंवा सरळ पायी घाट चढे आणि वर खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसे. सामान हमालांच्या डोक्यावर आणि बैलांच्या पाठीवर. युरोपात याच सुमारास धनिक लोक आपली खाजगी घोडागाडी सपाट वाघिणीवर चढवून, तिच्यातच बसून आगगाडीचा प्रवास करीत असत. रस्त्यावरचे वाहन रुळांवर चढविण्याची कल्पना रेल्वेइतकीच जुनी आहे, ती अशी. फरक इतकाच, की तिकडे गाडी माणसासह रुळांवर चढली आणि इकडे माणूस गाडीतून उतरून घाट चढला.

आता शिर्डीकडे वळू. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या खेड्याचे नाव मुंबईपर्यंत जाऊ लागले. अमरावतीचे नामांकित वकील दादासाहेब खापर्डे १९१० च्या डिसेंबरात प्रथम शिर्डीस आले. त्याच वर्षी गोविंद रघुनाथ दाभोलकर, ज्यांना सारे 'हेमाडपंत' म्हणतात, मुंबईहून आले. हेमाडपंतांनी पुढे लिहिलेल्या ग्रंथात आपल्या पहिल्या प्रवासाची हकीकत आहे. ते दादरहून मनमाडची गाडी धरणार होते. एका मुसलमान सहप्रवाशाने त्यांना सांगितले की मनमाडची मेल दादरला थांबत नाही, तुम्ही थेट बोरीबंदरला जा. ते गेले म्हणून गाडी मिळाली. भाविकांना या प्रसंगात दैवी संकेत दिसतो. मला त्यात त्या काळच्या प्रवासाचे एक सत्य दिसते: गाड्या बदलत जाणाऱ्या माणसाचा प्रवास वेळापत्रकावर जितका, तितकाच अनोळखी माणसाच्या चांगुलपणावर चालतो. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप धावत जाऊन त्या हबशी अधिकाऱ्याच्या रथात बसतो, तेव्हाही वाट विचारण्यापासूनच सुरुवात होते.

मुंबईकर उतारू मनमाडला उतरून दौंडकडची गाडी धरी आणि कोपरगावला उतरे. कोपरगाव स्टेशन गावापासूनही दूर. तेथून गोदावरी ओलांडून टांग्याने शिर्डी गाठायची. अंतर सुमारे पंधरा किलोमीटर. आज हे अंतर चहाचा घोट घ्यावा तितक्यात संपते; तेव्हा पावसाळ्यात काळ्या मातीची ती वाट चाकाच्या तुंब्यापर्यंत चिखलाने भरे. टांगेवाला, त्याचे घोडे, घोड्याच्या हरभऱ्याचा खर्च, आणि गाडी उशिरा आली म्हणून स्टेशनाबाहेर काढलेली रात्र, या साऱ्याचा हिशेब त्या भाड्यात असे. रेल्वेचे भाडे मैलाला ठरलेले, सरकारी. टांग्याचे भाडे मात्र नदीचे पाणी, वाटेची अवस्था आणि उतारूच्या अंगावरचा कोट पाहून ठरे. त्या मानाने लांबचा प्रवास स्वस्त आणि जवळचा महाग, असा हा उलटा न्याय होता. अजूनही तो पुरता गेलेला नाही.

रेल्वे कंपन्यांनाही हा अडथळा कळत होता. त्यावर त्यांनी काढलेली युक्ती म्हणजे 'आउट एजन्सी'. जे गाव रुळांवर नाही तेथे रेल्वे आपली एक खिडकी उघडी. गावातच तिकीट काढायचे, सामान तेथेच तोलून द्यायचे, आणि स्टेशनापर्यंतचा रस्त्याचा पल्ला रेल्वेने नेमलेल्या ठेकेदाराने आपल्या टांग्यांतून, पुढे मोटारींतून, पार पाडायचा. उतारूच्या हाती एकच तिकीट, मालाला एकच पावती. आज ज्याला मोठ्या दिमाखाने एकसंध वाहतूक म्हणतात तिचे बीज या साध्या खिडकीत होते. परंतु अशा खिडक्या थंड हवेची ठिकाणे आणि पेठा यांच्या वाट्याला प्रामुख्याने आल्या. खेड्यातल्या माणसाने स्टेशन आपल्या पायांनीच गाठायचे असते, हे गृहीतच होते.

त्या पायी गाठणाऱ्यांत आपले पूर्वज होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी नगर जिल्ह्यात मिशनकार्य उभे केले. केंदळ, संगमनेर, राहाता ही नावे जुन्या कागदपत्रांतून वारंवार भेटतात. हे धर्मगुरू आगगाडीने स्टेशनापर्यंत येत आणि पुढे घोड्यावरून किंवा दमणीतून खेडी पालथी घालीत. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन धर्मगुरूंना येथून हलविले आणि पुढे स्विस येशूसंघीयांनी हे काम हाती घेतले, तेव्हाही वाटा त्याच होत्या. मिशनच्या वसतिगृहात शिकायला निघालेला मुलगा ट्रंक डोक्यावर घेऊन चितळी, पुणतांबे किंवा कोपरगावच्या फलाटावर उभा राही. पुढे तोच मुलगा मुंबई-पुण्याकडे नोकरीसाठी याच गाडीने गेला आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या लेकरांना घेऊन याच फलाटावर उतरू लागला. बैलगाडी घेऊन स्टेशनावर सामोरे आलेले आजोबा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना रेल्वे आणि रस्ता यांचा संयोग म्हणजे काय ते कोणी शिकवावे लागत नाही.

मोटारीच्या आगमनाने या नात्यात भांडण शिरले. १९२० नंतर रेल्वेस्टेशनातून गावाकडे जाणाऱ्या मोटारी हळूहळू स्टेशन टाळून सरळ शहरापर्यंत धावू लागल्या. जी मोटार रेल्वेची धाकटी बहीण म्हणून आली होती ती सवत झाली. तिसाव्या दशकातील मंदीत रेल्वेचे उत्पन्न घसरले तेव्हा सरकार जागे झाले. मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना चौकशीस नेमण्यात आले आणि १९३३ साली सिमल्यास रेल्वे-रस्ते परिषद भरली. पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. परिषदेत भाषा समन्वयाची होती. कायद्याच्या अंमलबजावणीत मात्र भर राहिला तो परवान्यांच्या बंधनांवर. मालमोटारीने किती अंतर जावे, कोणत्या मार्गाने जावे, यावर मर्यादा आल्या. दोघांना जोडण्याऐवजी एकाला बांधून ठेवण्याचा हा मार्ग होता. तो फार काळ टिकणारा नव्हता आणि टिकला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातील मालवाहतुकीचा चार-पंचमांशांहून अधिक वाटा रेल्वेकडे होता. १९७५ साली मालमोटारींना राष्ट्रीय परवाने मिळू लागले, आणि आज रेल्वेचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आला आहे.

प्रवाशांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे एक चांगली गोष्ट घडली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात, एस. टी. चा जन्म या जिल्ह्याच्या रस्त्यावर झाला याचा येथील माणसाला रास्त अभिमान आहे. पुढे देशात राज्य परिवहन महामंडळे स्थापन झाली तेव्हा राज्य सरकारांबरोबर रेल्वेनेही त्यांच्या भांडवलात वाटा उचलला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कल्पना अशी की ज्याचा पैसा दोन्हीकडे गुंतला आहे तो दोन्हींना भांडू देणार नाही. कोपरगाव स्टेशनाबाहेर टांग्यांच्या रांगेशेजारी एस. टी. ची लाल गाडी उभी राहू लागली आणि मुंबईच्या गाडीच्या वेळेशी तिची वेळ जुळविली जाऊ लागली, तेव्हा त्या दहा मैलांचा भाव प्रथमच ठरलेला झाला. टांगेवाल्यांचे काय झाले, हे मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. या वेळी वाघिणींतून उतरलेला तांबडा मिलो मालमोटारींतून खेड्यांपर्यंत गेला. बैल मेले तरी वाट मेली नाही. त्या काळात नगर जिल्ह्यात धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांनी जे मदतकार्य केले ते या पानांच्या वाचकांना ठाऊकच आहे. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर याच जिल्ह्यातल्या अनुभवातून पुढे पाणलोट विकासाकडे वळले. मिलोची भाकर कडू लागे असे म्हणणारी माणसे अजून आहेत. पण ती भाकर चुलीवर पोहोचली, यात रूळ आणि रस्ता दोघांचाही हात होता.

येथे मनमाडचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. निजामाच्या राज्यातून आलेला मीटर मापाचा अरुंद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडला येऊन मुंबईच्या रुंद मार्गाला भिडला. दोन मापांचे रूळ समोरासमोर. परिणामी मराठवाड्याचा माल मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. शेकडो हमालांच्या पाठीवर त्या जंक्शनची भरभराट उभी होती. पोते एकदा उचलले की थोडे सांडते, थोडे फाटते, थोडे 'हरवते'. व्यापाऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक चढउतार म्हणजे तोटा, हमालाच्या दृष्टीने तीच रोजी. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो मार्ग रुंद झाला आणि ती उचल संपली. वाहतुकीतील प्रत्येक सुधारणेच्या पायाशी अशी कोणाची तरी पाठ असते.

माल न उतरवता वाहन बदलावे, ही यावरची आधुनिक तोड. तिच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे माल पेटीत बंद करून पेटीच हलविणे. भारतीय रेल्वेने १९६६ साली मुंबई-अहमदाबाद दरम्यान अशा पेट्यांची घरपोच सेवा सुरू केली. १९८८ साली त्यासाठी स्वतंत्र कंटेनर महामंडळ स्थापन झाले. दुसरी वाट त्या जुन्या घोडागाडीची: सबंध वाहनच रुळांवर चढविणे. हिचा आपल्या देशातील सर्वांत गाजलेला प्रयोग आपल्याच प्रांतात झाला. २६ जानेवारी १९९९ पासून कोकण रेल्वेने रायगड जिल्ह्यातील कोलाड ते गोव्यातील वेर्णा या ४१७ किलोमीटरच्या पल्ल्यावर भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्यास सुरुवात केली. ड्रायव्हर आपल्या केबिनमध्येच बसलेला. खाली रूळ, वर ताडपत्री. मुंबई-गोवा रस्त्यावरचे घाट, वळणे आणि अपघात ज्यांना ठाऊक आहेत त्यांना त्या ड्रायव्हरच्या घरी त्या रात्री किती निर्धास्त झोप लागली असेल हे सांगायला नको. डिझेल वाचले, टायर वाचले, आणि ज्यांची मोजदाद कधी होत नाही असे काही जीवही वाचले असतील.

याच मार्गावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, खाजगी मोटारींसाठीही अशी सेवा सुरू झाली. एका खेपेत चाळीस मोटारी, प्रत्येकी ७,८७५ रुपये, कुटुंबाने त्याच गाडीच्या डब्यात बसायचे. पहिला प्रतिसाद थंड होता. मला त्याचे नवल वाटले नाही. ट्रकवाल्याला घाट चुकवायचा असतो. मोटारवाल्याला मात्र वाटेत थांबत, वडापाव खात, मामाच्या गावी वळत जायचे असते. शिवाय कोलाडपर्यंत गाडी स्वतःच चालवीत न्यायची आणि तेथे तीन तास आधी हजर व्हायचे, म्हणजे पुन्हा तो जुना पहिला पल्ला आलाच.

आपल्या भागाला यातून काय घेता येईल, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. राहाता-कोपरगावच्या पट्ट्यात पेरू होतो, ऊस होतो, दूध होते. पेरू हे फळ मानी आहे. त्याला दोनदा हाताळलेले खपत नाही. झाडावरून करंडीत, करंडीतून टेम्पोत, टेम्पोतून मालधक्क्यावर, मालधक्क्यावरून वाघिणीत, आणि पलीकडच्या शहरात हीच यातायात उलटी. अशा पाच हातांतून गेलेला पेरू बाजारात पोहोचेतो डागाळतो. म्हणून शेतकरी रेल्वेची स्वस्ताई सोडून ट्रकची महागाई पत्करतो, आणि त्याचे चुकते असे म्हणता येत नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला देशातील पहिली किसान रेल सुटली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सांगोल्याहून शालिमारला शंभरावी गेली. भाड्यात निम्मी सवलत होती, म्हणून डाळिंबे, कांदे बिहार-बंगालपर्यंत गेले. पण शेतापासून फलाटापर्यंतचा भार शेतकऱ्यावरच होता. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर पालनपूर ते रेवाडी दुधाचे टँकर जसेच्या तसे रुळांवर चढून जातात, ते पाहिले की वाटते, जो जिल्हा दुधाच्या टँकरांनी रात्रभर जागा असतो त्याच्यासाठी असे काही का होऊ नये? मार्गात वरच्या विजेच्या तारा आहेत, उंचीची मर्यादा आहे, ट्रक चढविण्याचा उतरता धक्का बांधावा लागतो, आणि थोड्या अंतरासाठी हे परवडत नाही, दोन-चारशे किलोमीटर तरी पल्ला हवा, हे सारे खरे आहे. पण येथला कांदा काही दोन-चारशे किलोमीटरवर थांबत नाही.

शिर्डीचे म्हणाल तर त्या गावाला आता सारेच मिळाले आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडीच्या माळावर विमानतळ सुरू झाला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला, आणि ५ जून २०२५ ला तो मुंबईच्या दारापर्यंत पोहोचला. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत गाडी येते. एवढे सगळे एका गावी का, असा प्रश्न शेजारच्या गावांत विचारला जातो, आणि त्यात थोडी असूया असली तरी थोडे तथ्यही आहे. रूळ पुणतांब्याहून शिर्डीला आले ते यात्रेकरूंसाठी. शेतकरी संपाची ठिणगी ज्या पुणतांब्यात २०१७ च्या जूनमध्ये पडली, त्याच गावाच्या स्टेशनातून हा फाटा निघतो, हा योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो.

आपल्या हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात जे लोक मुंबई, वसई, पुण्याहून येतात ते अजूनही बेलापूर स्टेशनावर उतरतात. गाव श्रीरामपूर, स्टेशनाचे नाव बेलापूर, आणि खरे बेलापूर आणखी पलीकडे. नवख्या उतारूची येथे हमखास फसगत होते, कारण नव्या मुंबईतही एक बेलापूर आहे. लहानपणी मध्यरात्री तेथे उतरून आम्ही ट्रकच्या हौद्यात चढत असू. खाली उसाच्या पाचटाचा वास, वर तारे, आणि एकमेकींच्या खांद्यांना धरून भक्तिगीते म्हणणाऱ्या बाया. ट्रकवाला मुसलमान होता. यात्रेच्या दिवसांत तो दरमाणशी एकच दर घेई आणि म्हाताऱ्यांना पुढे आपल्याजवळ बसवी.

साईनगर शिर्डीच्या स्टेशनापासूनही मंदिर दोन-तीन किलोमीटरवर आहे. मुंबईची गाडी येण्याच्या वेळी बाहेर रिक्षांची रांग लागते. जिथे जुन्या काळी टांगेवाला घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधून बसलेला असे, तसाच रिक्षावाला बिडी पेटवून फाटकाकडे बघत बसलेला असतो, आणि पहिला उतारू दिसताच उठून विचारतो, "मंदिर का, शिर्डी गावात?"